नवसाचा कोंबडा दाणा टिपेना

माझं लग्न ठरलं तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की निम्मा संसार कोंबड्यांशी करायचा आहे. सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. त्या वयात मला कशालाही मान डोलवायची सवय होती. मान डोलवली की कानातले झुबे हलत, आणि ते हलले की आपण फार शोभतो असं मला वाटे. एवढ्या अकलेवर मी सासरी गेले.

माहेर नागभीडच्या बाजूला. घरात बहिणीच बहिणी. इतका कलकलाट की कोणाला रडायचं असेल तर आधी दुसरीचं रडणं संपू द्यावं लागे. कोंबडी मात्र आमच्या अंगणात कधी नव्हती, वडिलांना चालत नसे. सासर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीपासून बैलबंडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळ्यालाच चांदा म्हणत, आणि चांद्याला जाऊन आलेला माणूस आमच्या गावात पुढचा महिनाभर जरा ताठ चालत असे. गावाच्या मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बांध्यांच्या मागे जंगल. सांजेला तिकडे बघत बसायचं नाही, असं मला आल्या आल्या सांगितलं गेलं. म्हणून मी रोज सांजेला तिकडेच बघायची.

घरात माणसं तीनच. नवरा, सासू आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. नवरा लहान असतानाच तिचा मालक गेलेला. त्यानंतर तिने बोलणं कमी केलं की ती आधीपासूनच तशी होती, हे सांगायलाही कोणी नव्हतं. ती सकाळी उठून अंगण सारवी, खुराड्याची फळी काढी, कोंबड्या बाहेर सोडी, आणि या सगळ्यात तिच्या तोंडून एक शब्द निघत नसे. कोंबड्यांना बोलावतानाही ती तोंडाने आवाज करायची नाही. सुपावर बोटांनी टकटक करायची. सगळ्या कोंबड्या धावत यायच्या, आणि एकदोनदा मीही गेले.

पहिल्या काही दिवसांत मी काय काय केलं ते आठवून आजही मला हसू येतं. एक भुरी कोंबडी सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. खात नव्हती, उठत नव्हती, जवळ गेलं की घशातून खरखर काढत होती. मला वाटलं, बिचारीला हिवताप भरला. मी तिच्या चोचीला हळद लावली, अंगावर माझं जुनं लुगडं टाकलं, आणि तिच्या शेजारी बसून डोळ्यांत पाणी आणलं. आत्याबाई बांधीवरून आली, लुगडं उचलून बघितलं आणि म्हणाली, "अंडे उबवून राह्यली ते. ताप नाई तिले." त्या दिवसभरात घरात बोललं गेलेलं एवढंच. पुढे शेजारणी मला हसत तेव्हा मी मान डोलवायची. झुबे हलायचे.

धान मळून घरात आलं आणि नवऱ्याने बंडीच्या आखाला तेल दिलं. दरवर्षी आमच्या गावच्या बंड्या जंगलात जात, आलापल्लीच्या अंगाला, जिथे सागाची तोड चाले तिथे लाकूड वाहायला. एक खेप शिमग्यापर्यंत. शिमग्याला तीन-चार दिवस घरी, आणि मग दुसरी खेप पावसाच्या तोंडापर्यंत. सगळ्या बंड्या बरोबरच जात आणि बरोबरच येत, कारण वाघ. एकट्या बंडीने त्या वाटेला कोणी लागत नसे. लग्न होऊन मला थोडेच दिवस झाले होते, त्यातही कापणी-मळणी. नवऱ्याचा चेहरा मला धड पाठ झाला नव्हता. दिवसा सासूसमोर नवरा-बायकोने बोलायची रीत नव्हती, आणि रात्री तो थकून असा पडायचा की धानाचं पोतं टाकावं. त्यामुळे तो जाणार म्हणून मला रडू येत होतं की सगळ्याच बायका रडतात म्हणून, हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. पण मी रडले, आणि चांगली मोठ्याने.

निघायच्या सकाळी आत्याबाईने खुराड्यातून एक तरणा कोंबडा धरला. अजून बांगसुद्धा धड देता येत नव्हती त्याला, पण रंगाने तांबडा लाल. तिने तो नवऱ्याच्या डोक्यावरून ओवाळला, दोन्ही बैलांच्या शिंगांवरून ओवाळला, त्याच्या पायात तांबडा दोरा बांधला आणि नाल्यापलीकडच्या देवाच्या ठाण्याकडे तोंड करून म्हणाली, "देवा, माह्यं माह्या घरी आन. तुह्यं तुले देईन."

'तुह्यं तुले देईन' म्हणजे काय ते मला कळलं नाही असं नाही. कळलं. पण शिमगा फार लांब होता, आणि लांब असलेल्या गोष्टी घडतच नाहीत असं माझं पक्कं मत होतं.

बंड्या गेल्या. घुंगरांचा आवाज जंगलात शिरला आणि बराच वेळ ऐकू येत राहिला. मग तोही थांबला. आत्याबाईने कोंबडा माझ्या हातात दिला. कोंबडी हातात घ्यायची माझी ती पहिलीच वेळ. मी त्याला असा धरला होता की जणू गरम भांडं आहे.

"नवसाचा हाय," ती म्हणाली. "याले वेगळं खाऊ घालजो. हा उपाशी राह्यला त देवाचा उपाशी राह्यला."

कसं खाऊ घालायचं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी सुपात कण्या घेतल्या, आत्याबाईसारख्या जमिनीवर टाकल्या. घरचा मोठा काळा कोंबडा आला आणि त्याने नवसाच्या कोंबड्याला असं टोचलं की तो थेट माझ्या पायांत. मी घाबरून सपरीवर चढले. तोही चढला. मग मी मुठीत कण्या घेऊन हात पुढे केला. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं, आणि दाणा टिपला. हाताला गुदगुल्या झाल्या. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन. आवाज इतका मोठा निघाला की मीच तोंडावर पदर धरला.

तेव्हापासून तो माझ्या हातचं खाऊ लागला. अंगणातले किडे, वाळवी तो आपल्या आपण शोधी, पण दाणा म्हणजे माझी ओंजळ. मी जात्यावर बसले की जात्याशी, भांडी घासायला बसले की राखेत. मी तळ्यावर धुणं घेऊन निघाले की कुंपणापर्यंत येई आणि मी परतेपर्यंत तिथेच उभा. आणि मी त्याच्याशी बोलायची. काय बोलायची? सगळं. माहेरी कोणती बहीण कशी चालते ते चालून दाखवायची. आज भाजीत मीठ जास्त पडलं आणि आत्याबाईने न बोलता खाल्लं, मग मला बोलली असती तर बरं झालं असतं की नाही, असं त्याला विचारायची. कधी खोटंनाटं जुळवून भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. त्याला ऐकायची सवय चांगली होती. मान वाकडी करून ऐके, आणि मध्येच एक 'कुक्' करी. माझ्या बोलण्याला त्या घरात मिळणारा हुंकार तेवढाच. आत्याबाई आत असे, चुलीशी किंवा धान पाखडत. तिला काही ऐकू जात नाही असं मी धरून चालले होते. कुडाची भिंत होती! पलीकडे मांजर चाललं तरी ऐकू यायचं. पण शहाणीला ते सुचलं नाही.

थंडीत सांज फार लवकर पडते तिकडे. बांध्यांवरून धुकं येई आणि गावात ज्याची त्याची दारं लागत. आत्याबाई आणि मी चुलीच्या दोन बाजूंना बसून जेवायचो, आणि लाकूड तडतडलं तर दोघींनाही बरं वाटायचं. कोंबडा पालथ्या टोपलीखाली ठेवलेला असे, माझ्या बाजेशेजारी. मी बाजेवरून हात खाली सोडून टोपलीच्या फटीत बोट घालायची. तो चोचीने हळूच धरायचा आणि सोडायचा. याला नवऱ्याची आठवण म्हणावं का? मी म्हणत असे. चेहरा पाठ नसलेल्या माणसाची आठवण काढायची म्हणजे असंच कशाचं तरी बोट धरावं लागतं.

आणि शिमगा आला. लांबच्या गोष्टी चालत चालत दारात येतात हे मला तेव्हा समजलं. मोह फुलायला लागला होता, सगळ्या गावाला तो गोड वास, आणि त्या वासात एका संध्याकाळी घुंगरं वाजली. आत्याबाईने पाण्याचा गुंड उचलला, पोराच्या पायावर पाणी टाकलं, आधी बैलांचे खूर बघितले आणि मग पोराचं तोंड बघितलं. मी दाराआड, काखेत कोंबडा. नवरा वाळला होता, अंगाला सागाच्या चिकाचा वास. दारातून आत येताना थांबला. माझ्याकडे बघायची सोय नव्हती, म्हणून त्याने कोंबड्याकडे बघितलं.

"लय माजला गा तू," तो कोंबड्याला म्हणाला. "कोन खाऊ घालते तुले?"

मीही कोंबड्यालाच म्हटलं, "सांग ना गा, घरचेच खाऊ घालतेत म्हनून."

आत्याबाई गुंड घेऊन आत गेली. बघा, किती आखडती जीभ होती आमची, आणि ती एका पाखराने कशी सोडवली.

दुसऱ्या दिवशी नवस फेडायचा होता. देवाचं ठाणं नाल्यापलीकडे, ऐनाच्या झाडाखाली, शेंदूर लावलेले दगड. तिथे बायका जात नसत. आम्ही नाल्याच्या अलीकडे थांबायचं. पूजा करणारा म्हातारा गोंड होता, त्याला भुमक म्हणत. देवाशी तो गोंडीत बोले आणि आमच्याशी मराठीत, आणि आम्हां शेतकऱ्यांच्या घरचे नवसही तोच पार पाडी. रीत अशी की कोंबडा देवापुढे सोडायचा, त्याच्यापुढे तांदळाचे दाणे टाकायचे. कोंबड्याने आपल्या मनाने दाणा टिपला तर देवाने नवस घेतला. नाही टिपला तर कापायचा नाही. जबरदस्ती चालत नाही, चोच धरून चारायचं चालत नाही. आणि नवस फिटल्याशिवाय ज्याच्यासाठी बोलला त्या माणसाने जंगलात पाय टाकायचा नाही.

भुमकाने दाणे टाकले. नवरा हात जोडून उभा. बाकीचे बंडीवाले मागे उकिडवे बसलेले. कोंबड्याने दाण्यांकडे बघितलं, मग भुमकाच्या हाताकडे बघितलं, मग इकडे तिकडे मान फिरवली. नाल्याच्या अलीकडे मी आत्याबाईच्या मागे उभी होते. तिथपर्यंत त्याचा 'कुक्' ऐकू आला. तो दाणा मागत होता. जमिनीवर पडलेला दाणा हा आपला, हे त्याला माहीतच नव्हतं.

बराच वेळ वाट बघून भुमक म्हणाला, आज देवाच्या मनात नाही, चार दिवसांनी पाहू. कोंबडा परत आला. मी त्याला काखेत घेतलं तेव्हा माझं काळीज इतक्या जोरात उडत होतं की तो दचकला. तो वाचला, म्हणून नवरा थांबला. एका पाखराच्या हट्टावर दोघंही घरात! माझ्यासारखी भाग्यवान बाई अख्ख्या चांदा जिल्ह्यात नाही असं मला वाटलं.

ते मधले दिवस माझे होते. नवरा अंगणात बंडीचं चाक खोलून बसे, मी समोर तांदूळ निवडत, मध्ये कोंबडा. आत्याबाई मोहफुलं वाळवायला घराच्या मागे.

"कोंबडोबा," नवरा म्हणे, "तुह्या मालकिनीले इचार, तिले इथी करमते का म्हना."

मी म्हणे, "सांग त्याहिले, दिवसा करमते. सांज झाली का नाई करमत."

तो चाकाकडे बघत राहिला. हातातलं लाकूड ठेवलं, पुन्हा उचललं. मग म्हणाला, "मले बी सांजच जड जाते, म्हनून सांग तिले."

एवढंच. याच्यापुढे काय बोलायचं असतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी कोंबड्याला चालून दाखवलेल्या सगळ्या बहिणी, सगळ्या गोष्टी माझ्या तोंडाशी आल्या आणि तिथेच बसल्या. पण ती सांज मला जड गेली नाही. नवऱ्याने खुराड्याची मोडकी फळी दुरुस्त केली, आणि ती बसते की नाही हे बघायला नको तितक्या वेळा उघडली-लावली. मी सपरीवरून बघत होते हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या वेळेला भुमकाने सांगितलं, कोंबडा आदल्या सांजेपासून उपाशी ठेवा. टोपलीखाली, दाणा नाही. मी मान डोलवली. पहाटे अंगण झाडायच्या निमित्ताने उठले आणि मुठीतल्या कण्या टोपलीच्या फटीतून सारल्या. त्याने सगळ्या टिपल्या. झाडणीचा आवाज जरा जास्तच केला मी, म्हणजे कोणाला कळू नये. अंगण त्या दिवशी इतकं स्वच्छ निघालं की ते बघूनच एखाद्याला संशय यावा.

देवापुढे कोंबड्याने या खेपेला दाण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. दगडाजवळ जाऊन बसला आणि पंख पसरून ऊन खाऊ लागला. एकदोघं हसले. नवरा हसला नाही.

त्या दिवशी तो घरी येऊन कोंबड्याशी बोलला नाही. चाक तयार होतं, तरी त्याच्याजवळ जाऊन बसला. आदल्या वर्षी पुढच्या गावचा एक बंडीवाला वाघाने नेला होता, आणि त्याचाही नवस राहिला होता म्हणे. हे मला माहीत नव्हतं, सगळ्या गावाला माहीत होतं. विहिरीवर बायका मला बघून गप्प होऊ लागल्या. एक म्हातारी गप्प झाली नाही. नवी सून आली आणि देव रुसला, असं ती माझ्या घागरीकडे बघत म्हणाली. बंडीवाले दारात आले. त्यांच्यातला मोठा नवऱ्याला म्हणाला, "आमी परवा पाह्यटे जुंपतो गा. फिटला त ये. आमाले आनखी थांबता येत नाई." नवऱ्याने मान हलवली. रात्री तो जेवला नाही. मी मध्ये कोंबडा ठेवून बघितला, सांग ना गा त्याहिले, दोन घास खा म्हनून. नवरा उठून बैलांकडे गेला.

मला हवा तो माणूस घरात होता, आणि तो घरात नव्हता. इतकी साधी गोष्ट, पण मला ती समजायला अख्खी रात्र लागली.

पहाटे आत्याबाईने मला मोहफुलं वेचायला बरोबर घेतलं. झाडाखाली पांढरा सडा. ती वाकून वेचत होती, मी वेचत होते. अंधार जरा फिका झाला तेव्हा ती न बघता म्हणाली, "तो तुह्या हातचं खाते."

माझ्या हातातली फुलं खाली पडली.

"काल पाह्यटे टोपलीत हात कोनाचा होता ते बी मले मालूम हाय."

मी सांडलेली फुलं पुन्हा गोळा केली. मग म्हटलं, "मंग सांगितलं काऊन नाई, आत्याबाई?"

ती वेचतच राहिली. टोपलीत फुलं टाकली, खालची पानं बाजूला केली, पुन्हा वेचू लागली. "माह्या बी घरी पोरगा राह्यला ना चार दिस," ती म्हणाली.

तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य नव्हतं, पण त्याच्यानंतर मला तिच्याकडे बघवेना. मी त्या घरात एकटी आहे असं मी सगळी थंडीभर एका कोंबड्याला सांगत आले होते.

"पन आता तो भेला," ती म्हणाली. "बंड्या गेल्या त मागून एकटा जाईन. घरी बसनारा नाई तो. आन् भेलेला मानूस वाघाले आधी दिसते. चाल."

ऊन वर आल्यावर आम्ही सगळे पुन्हा नाल्यावर. आत्याबाईने अलीकडच्या काठावरून भुमकाला हाक मारून सगळं सांगितलं, एकाही शब्दाचा पडदा न ठेवता. कोंबडा सुनेच्या हातचं खातो, जमिनीवरचं खात नाही. बंडीवाल्यांत खसखस पिकली. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा सगळ्यांसमोर, सरळ.

बाईने नाला ओलांडायचा नाही, मग काय करायचं? भुमकाने डोकं खाजवलं. ऐनाकडे तोंड करून गोंडीत काहीतरी बोलला, बराच वेळ. मग दगडापुढचे दाणे ओंजळीत घेतले, कोंबडा काखेत घेतला आणि पाण्यातून काठापर्यंत आला.

"दाना देवापुढचाच हाय," तो म्हणाला. "हात कोनाचा ते देवानं मले कधी इचारलं नाई. बस, पोरी."

मी काठावर बसले. त्याने दाणे माझ्या तळव्यावर ठेवले, शेंदूर लागलेले, आणि कोंबडा समोर सोडला. तो लगेच आला. मान वाकडी केली, एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं. मला मूठ मिटता आली असती. बोटं तेवढी आत घ्यायची, बस. कोणी काही म्हटलं नसतं, पाखराचं काय, बिचकलं. पण पलीकडे नवरा श्वास धरून उभा होता आणि माझ्या मागे आत्याबाई, आणि दोघांचंही माझ्या बोटांवर लक्ष होतं. मी हात आणखी पुढे केला. बोटं उताणी ठेवली.

त्याने दाणा टिपला. मग दुसरा. गुदगुल्या झाल्या. मी हसले नाही.

भुमकाने त्याला उचललं तेव्हा तो ओरडला नाही. त्याला वाटलं असेल, मीच उचललं. मी उठून तोंड फिरवलं आणि घराची वाट धरली. आत्याबाई माझ्या मागून चालत होती. मी डोळे पुसते तेव्हा ती थांबे, चालू लागले की चालू लागे. नवसाचं पुरुषांनी तिथेच रांधून खायचं, घरी आणायचं नाही, अशीच रीत होती. त्या रितीबद्दल मी देवाची आजपर्यंत ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंड्या जुंपल्या. आत्याबाईने नवा कोंबडा ओवाळला, दोरा बांधला, आणि या खेपेला तो माझ्या हातात दिला नाही. नवरा बैलांचं जू घट्ट करत होता. सगळे दारात होते, सासू, शेजारी, बंडीवाले. तो माझ्याजवळ आला. मध्ये कोंबडा नव्हता, कोणीच नव्हतं.

"पावसाआधी येतो," तो मला म्हणाला. मला.

आणि मी, जी सगळा हिवाळा एका पाखराचे कान खात होती, ती काय म्हणाली असेल? "हूं." एवढंच म्हणाले. 'हूं.' चार लुगडी झिजली तरी तो हुंकार मला चावत राहिला.

घुंगरं गेली. नव्या कोंबड्याला आत्याबाई स्वतः दाणे टाकी, लांबून, जमिनीवर. तो शहाणा होता. मोठ्या काळ्याच्या पायांतून घुसून टिपायचा आणि पळायचा. माझ्याकडे येण्याचं त्याला काही कारण नव्हतं. मी जात्यावर बसले की जातं वाजे, आणि थांबले की काहीच वाजत नसे. बोलावंसं वाटलं की तोंड उघडायची आणि समोर कोणी नाही हे बघून मिटायची. पालथी टोपली मी उचलून माळ्यावर ठेवली, पण हात बाजेवरून खाली जायचा तो जायचाच.

अशाच एका सांजेला मी सपरीवर बसले होते. मोहाचा बहर संपत आला होता. आत्याबाई सूप घेऊन बाहेर आली आणि माझ्यापासून जरा अंतरावर बसली. आपणहून ती माझ्याजवळ कधी बसत नसे. सूप मांडीवर घेतलं, पण पाखडायला काही नव्हतं त्यात.

"त्या चिंचेवरच्या भुताचं पुढं काय झालं?" ती म्हणाली.

मला कळेना.

"त्या कोंबड्याले सांगत होती ना तू. त्या भुताचे पाय विहिरीत अडकले, तिथपर्यंतच सांगितलं. मंग तू पानी आनाले गेली."

ती गोष्ट मीच जुळवली होती, रोज थोडी थोडी, सुचेल तशी. पाय अडकल्यापुढे मी काहीच ठरवलं नव्हतं. त्याच्यानंतर नवरा आला, मग नाला, मग सगळं.

"मलेच मालूम नाई, आत्याबाई," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. थोडा वेळ बसली. मग सूप उचलून आत गेली आणि चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मी सपरीवर बसून त्या भुताचे पाय सोडवायला बघत होते, आणि ते काही केल्या निघेनात.